चारोटीच्या परिसरांतील भूविद्येचीं साधनें

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता डहाणू तालुक्यांत शिरला म्हणजे चारोटी हें गांव लागतें. बहुतेक प्रवाशांस तें केवळ एक नाका म्हणून ठाऊक असतें. पश्चिमेस डहाणूच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळावयाचें असो, कीं पूर्वेस कासा गांवावरून जव्हारच्या पठारावर चढावयाचें असो, वाट येथेंच फुटते. आणि वाट फुटण्याच्या ठिकाणीं माणूस थांबतो तो चहापुरता, गांव पाहण्याकरितां नव्हे. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस मात्र येथील चित्र पालटतें. जवळच विवळवेढे येथें महालक्ष्मीची यात्रा भरते आणि डोंगरांतील व किनाऱ्यावरील नाना जातींच्या लोकांची दाटी होते. तेथून मुसळासारखा उभा असलेला डोंगराचा एक सुळका दिसतो. यात्रेकरू त्यास हात जोडतो, प्रवासी गाडींतून त्याकडे पाहतो, आणि दोघेही पुढें जातात. आजूबाजूचें सारें झिजून गेलें असतां एवढा एकच सुळका कां उरला, हा प्रश्न भूविद्येचा पहिला धडा होण्याजोगा आहे. परंतु आपल्याकडे या विषयाचे धडे बहुधा फुजियामा व व्हेसुव्हियस यांपासून सुरू होतात, आणि अंगणांतल्या दगडाची पाळी येईपर्यंत वर्ष संपलेलें असतें.

वास्तविक ज्या दगडावर चारोटी वसली आहे तो दगड व्हेसुव्हियसला मागें टाकील अशा उलथापालथींतून जन्मला आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिण हिंदुस्थानच्या या भागांत भूमीस भेगा पडून तप्त शिलारसाचे लोट बाहेर आले. एक थर निवावा, त्यावर दुसरा पसरावा, असें पुनःपुन्हां होत गेलें. आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांनीं झाकलेला आहे आणि सह्याद्रींत कांहीं ठिकाणीं त्यांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांच्याही पुढें जाते. घाटावर हे थर भाकरींच्या चवडीप्रमाणें आडवे दिसतात. पनवेल-मुंबईच्या बाजूस तेच समुद्राकडे कललेले आहेत. मधूनमधून उभ्या भेगांत थिजलेला रस भिंतीसारखा वर आलेला असतो. थरांचीं हीं पायरीसारखीं रूपें पाहून पाश्चात्य पंडितांनीं या दगडास ‘ट्रॅप’ हें नांव दिलें. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असा आहे. ‘डेक्कन ट्रॅप’ ही संज्ञा रूढ करण्याचें श्रेय कर्नल साइक्स यांस, १८३३ च्या सुमाराचें, दिलें जातें. आमच्या वाचकांच्या घरीं पाटा-वरवंटा किंवा जुनें जातें अद्यापि असेल, तर त्याच ज्वालामुखीचा एक तुकडा माजघरांत आहे असें समजावें.

भूविद्या शिकविण्यास साधनें नाहींत, ही शिक्षकांची तक्रार फार जुनी आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु साधनें म्हणजे काय आणि तीं कोठें शोधावयाचीं, याविषयीं महाराष्ट्रांत गेल्या दोन शतकांत जे निरनिराळे प्रयत्न झाले ते पाहिले म्हणजे या तक्रारीचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. आणि त्या प्रयत्नांपैकीं एक अत्यंत मोलाचा प्रयत्न याच डहाणू तालुक्यांत झालेला असल्यामुळें चारोटीच्या निमित्तानें तो इतिहास पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पहिला प्रश्न उभा राहिला तो पृथ्वीच्या आकाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नव्या शाळांतून पृथ्वीचा गोल मुलांपुढें ठेवला जाऊं लागला, तेव्हां घरांत ऐकलेली सप्तद्वीपांची व मेरूची पृथ्वी आणि शाळेंतील वाटोळी पृथ्वी यांचा मेळ कसा घालावा, हें पुष्कळांस समजेना. यावर माळव्यांत सिहोर येथें सुबाजी बापू यांनीं जी युक्ति योजिली ती आम्हांस फार मार्मिक वाटते. लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनानें त्यांनीं १८३६ सालीं ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. पृथ्वी वाटोळी आहे हें सांगण्यास युरोपांतील साक्षीदार आणण्याची त्यांस गरज भासली नाहीं. भास्कराचार्य घरचेच होते. विद्यार्थ्याच्या गांठीं जें आधींच आहे त्यांतूनच नव्या ज्ञानाची वाट काढावयाची, हें तत्त्व सुबाजी बापूंनीं आचरून दाखविलें. त्याच काळीं मुंबईस बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकवीत होते आणि भूगोलविद्येवर मराठींत पुस्तकरचना करीत होते. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यांत त्या पुरुषानें किती विषयांस हात घातला हें पाहून आश्चर्य वाटतें.

पुस्तकांच्या पाठोपाठ वस्तूंचा प्रश्न आला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं निघाली होती व पुढें १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें नियमानें होऊं लागलीं. दगड व खनिजें यांचा संग्रह करण्याची हौस डॉक्टर जॉर्ज बुइस्ट यांस होती. हे वृत्तपत्रकार गृहस्थ भूस्तरांच्या अभ्यासांतही मुरलेले होते, आणि मुंबईच्या किल्ल्यांतील बराकींत सरकारनें जें मध्यवर्ती संग्रहालय मांडलें त्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १८५७ च्या धामधुमींत लष्करास जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईनें बाहेर काढण्यांत आला. त्यांत पुष्कळसा नासला. पुढें जें राहिलें व नव्यानें जमविलें गेलें त्यांतून भायखळ्याचें संग्रहालय उभें राहिलें, तें १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, व १९७५ पासून तें डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. दगडांचा एक संग्रह शिपायांना जागा देण्यासाठीं उधळला जावा, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु शिक्षणाचीं साधनें एकाच इमारतींत, एकाच कुलुपाखालीं ठेवण्यांत काय धोका असतो, हें तिच्यावरून चांगलें कळतें. आम्हीं पाहिलेल्या एका शाळेंत दगडांच्या नमुन्यांचें कपाट होतें, काच स्वच्छ होती, चिठ्ठ्या सुवाच्य होत्या, आणि किल्ली कित्येक वर्षें हरवलेली होती.

याहून मोठी अडचण अशी कीं, पुस्तकांतील उदाहरणें परक्या भूमीचीं होतीं. विलायती भूविद्या ही खडू, चुनखडी, वाळूचा दगड व कोळसा यांच्या थरांवर वाढलेली विद्या आहे. त्या थरांत शिंपले व मासे यांचे अवशेष जागजागीं सांपडतात आणि त्यांच्या आधारें काळाची गणना करितां येते. कोंकणांतला मुलगा तें वाचून बाहेर येतो, तों सभोंवार मैलोगणती काळा कातळ, त्यांत शिंपला नाहीं कीं मासा नाहीं. अपवाद आहेत, नाहींत असें नाहीं. मुंबईंत वरळी येथें दोन शिलारसांच्या मध्यें सांपडलेल्या गाळाच्या थरांत लहानलहान बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील विसाव्यांत तळीं भरत होतीं व त्यांत बेडूक नांदत होते, ही कल्पना कोणाही मुलाचें मन वेधून घेईल. पण हे बेडूक शाळेंत पोंचले नाहींत. ते इंग्रजी नियतकालिकांत राहिले.

विलायतेंतही शहाणे शिक्षक घरच्या वस्तूपासूनच आरंभ करीत, हें येथें सांगितलें पाहिजे. टी. एच. हक्सले यांनीं १८६८ सालीं नॉर्विच येथील कामकऱ्यांपुढें व्याख्यान दिलें तें सुताराच्या हातांतील खडूच्या तुकड्यावर. आणि १८७७ च्या आपल्या ‘फिजिऑग्रफी’ या पुस्तकाचा प्रारंभ त्यांनीं लंडनच्या पुलाखालून वाहणाऱ्या थेम्स नदीपासून केला. आपल्याकडे या पद्धतीचें अनुकरण करावयाचें तर थेम्सच्या जागीं सूर्या नदी घालावयास हवी होती. आपण पुष्कळदां थेम्सच ठेवली. हिंदी विद्यार्थ्यांकरितां हिंदी उदाहरणांनीं भरलेला भूविद्येचा ग्रंथ मिळण्यास १९१९ साल उजाडावें लागलें. तो दाराशा नौशेरवान वाडिया यांनीं लिहिला. वाडिया जन्मले सुरतेस, म्हणजे डहाणूच्या उत्तरेस त्याच किनाऱ्यावर. आणि जम्मूच्या महाविद्यालयांत शिकवीत असतां विद्यार्थ्यांना काय हवें हें त्यांनीं ओळखलें होतें. पण हा ग्रंथ महाविद्यालयाचा. पाड्यावरच्या मुलाची भूक त्यानें कशी भागावी?

आतां डहाणूकडे वळूं. बोर्डी येथें गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० सालीं निघाली आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या माणसांनीं त्या गांवास शिक्षणाचें एक ठाणें बनविलें. १९४५ सालीं ताराबाई मोडक तेथें आल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं मॉन्टेसोरी पद्धतीचा अभ्यास व प्रयोग केला होता. १९२६ सालीं निघालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. दादरास शिशुविहार चालविला होता. शहरांतील सुखवस्तु मुलांसाठीं जें साधलें तें खेड्यांतील दरिद्री मुलांसाठीं कां साधूं नये, या एका प्रश्नानें त्यांस मुंबई सोडावयास लाविली. त्यांच्या सोबतीस आलेल्या अनुताई वाघ त्या वेळीं पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढील सारें आयुष्य, १९९२ पर्यंत, त्यांनीं याच मुलखांत घालविलें. त्याच १९४५ सालीं तलासरीच्या बाजूस गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करीत होत्या. एकाच तालुक्याच्या टापूंत, एकाच वर्षीं, बायकांनीं आरंभिलेलीं हीं दोन कामें परस्परांहून किती भिन्न, आणि तरी दोहोंच्या मुळाशीं दिसणारी वस्तुस्थिति एकच!

मॉन्टेसोरीबाईंचीं साधनें अप्रतिम होतीं, पण तीं सुबक लांकडाचीं, मापून घडविलेलीं व महाग होतीं. बोर्डीच्या हरिजनवाड्यांत तीं कोठून आणावयाचीं? बरें, आणलीं तरी मुलें शाळेंत येईनात. तेव्हां ताराबाई व अनुताई यांनीं दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत नेली, ती ‘अंगणवाडी’. हा शब्द १९७५ पासून सरकारी योजनेमुळें साऱ्या देशाचा झाला, पण त्यांतील अंगण मूळचें बोर्डीचें आहे. आणि साधनें विकत घेतां येत नाहींत तर तीं भुईवरून उचललीं. खडे, शिंपले, बिया, पानें, काड्या, चिकणमाती. मोजावयास खडे, रंग ओळखावयास फुलें, लहान-मोठें लावावयास शिंपले.

पुढें १९५७ च्या सुमारास हें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें व तेथें वारली मुलांशीं खरी गांठ पडली. मुलें दिवसभर गुरें राखीत. त्यांस गुरांपासून तोडून वर्गांत बसविणें म्हणजे आईबापांच्या पोटावर पाय देणें. यावर निघालेला उपाय म्हणजे ‘कुरणशाळा’. जेथें गुरें चरतात तेथें शिक्षकानें जावयाचें, आणि माळ, ओढा, झाड, दगड व आकाश हाच वर्ग मानावयाचा. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत नांदविणारी ‘विकासवाडी’ ही याच खटपटीची दुसरी बाजू. त्या टेकडीवरील अनुभव अनुताईंनीं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मचरित्रांत सांगितले आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, खडे मोजणें म्हणजे कांहीं भूविद्या नव्हे. आम्हांसही तसा दावा करावयाचा नाहीं. ताराबाईंचें लक्ष बालमनावर होतें, कातळावर नव्हतें. तथापि भूविद्येची पहिली पायरी कोणती याचा विचार करावा. ओढ्यांतील शंभर गोटे घेऊन त्यांत गुळगुळीत कोणते, खडबडीत कोणते, जड कोणते, हलके कोणते, सच्छिद्र कोणते, पांढऱ्या ठिपक्यांचे कोणते, असे ढीग लावणें हीच ती पायरी. सच्छिद्र दगड हलका कां, असें मुलानें विचारलें कीं शिलारसांतून निसटलेल्या वायूची गोष्ट सुरू होते. पांढरे ठिपके कां, असें विचारलें कीं त्याच पोकळ्यांत मागाहून झिरपलेल्या पाण्यानें भरलेल्या खनिजांची. कोसबाडला ढीग लागत होते. गोष्ट सांगणारा भूशास्त्रज्ञ तेवढा तेथें नव्हता. या दोहोंची गांठ पडली असती तर काय झालें असतें, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट ताराबाईंच्या बाबतींत विसरतां कामा नये. जें सुचलें, जमलें, तें त्यांनीं स्वतःपाशीं ठेविलें नाहीं. ‘शिक्षणपत्रिका’ प्रथम गुजरातींत व नंतर मराठींत निघे ती याचसाठीं. बाजारांतून साधन न आणतां तें कसें करावें हें लिहून कळविणें, हेंच साधन वाटून घेण्याचें खरें रूप. लांकडी ठोकळा एका शाळेस दिला तर दुसरीस मिळत नाहीं. ठोकळ्याची युक्ति दिली तर ती शंभर शाळांत एकदम पोंचते. पुढें पाबळ येथें डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमानें खेड्यांतील तरुणांस जमिनीची विद्युत्‌रोधकता मोजून भूजलाचा अदमास घेण्यास शिकविलें, तें याच परंपरेंतलें. विहीर कोठें खणावी हा प्रश्न खेड्यांत पाणाड्याच्या हातीं असतो. तो शिकाऊ पोरांच्या हातीं देणें ही भूविद्येची फार मोठी चढाई म्हटली पाहिजे.

असो. हा सर्व इतिहास कदाचित् शिक्षणप्रेमी मंडळींच्या कौतुकापुरताच राहिला असता. परंतु २०१८ च्या नोव्हेंबरांत डहाणू व तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हलूं लागली. एक धक्का बसून सारें शांत व्हावें, तर तसें झालें नाहीं. लहान धक्के येतच राहिले; दिवसांत अनेक, आठवड्यांमागून आठवडे. आधीं भूमींतून गडगडाट व्हावा, मागाहून भांडीं वाजावीं, भिंतीस चीर पडावी. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं एकाच दिवसांत कित्येक धक्के बसले व त्यांतील सर्वांत मोठा सुमारें ४.१ परिमाणाचा होता. त्या दिवशीं भयानें घराबाहेर धांवतांना पडून एक दोन वर्षांची बालिका दगावली. लोक रात्रीं उघड्यावर निजूं लागले, तंबू आले, आणि शाळा झाडाखालीं भरूं लागल्या. कुरणशाळा पुन्हां अवतरली, पण ती भीतीपोटीं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें व इतरांनीं भूकंपमापक यंत्रें तेथें आणून बसविलीं. मोठा मुख्य धक्का नसतां लहान धक्क्यांची अशी रांग लागणें यास शास्त्रांत भूकंपांचा थवा म्हणतात. जपानांत मात्सुशिरो येथें १९६५ पासून दोन वर्षें असा थवा चालला होता. लाखों धक्के नोंदले गेले व भूगर्भांतील पाण्याचा त्याशीं संबंध दिसून आला. जुन्या ठाणें जिल्ह्यांतच भातसा धरणाच्या परिसरांत १९८३ सालीं अशी हालचाल झाली होती. धुंदलवाडीच्या बाबतींतही पावसाचें पाणी भेगांतून खोल झिरपून तेथील ताण मोकळा करीत असावें, असें मत कांहीं तज्ज्ञांनीं मांडलें. पण या मतांची चर्चा होत होती ती हैदराबाद, दिल्ली व मुंबई येथें. पाड्यांवर चर्चा होती ती निराळीच: धरण फुटणार, डोंगर बसणार, ज्वालामुखी उठणार.

यांत पाड्यावरील लोकांस हंसण्यासारखें कांहीं नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, आणि त्यांत समुद्रांतील प्रचंड जलचरांची हालचाल, भूमीच्या भारानें थकलेल्या दिग्गजांचा विसावा, वायूंची टक्कर, अशीं पूर्वसूरींचीं मतें नमूद केलीं आहेत. ज्यास कारण सांगितलें जात नाहीं तो कारण कल्पितो. हा मनुष्यस्वभाव आहे. प्रश्न एवढाच कीं, ज्या वर्षीं जमीन रोज धडा देत होती त्या वर्षीं तो धडा वाचावयास मुलांस कोणीं शिकवावें आणि कशानें?

साधन तर खुद्द धक्काच होता. भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली दाबाची, ती कठीण खडकांतून सेकंदास सुमारें ६ किलोमीटर जाते. दुसरी आडव्या हेलकाव्याची, ती सुमारें साडेतीन. धुंदलवाडीच्या लोकांनीं ऐकलेला गडगडाट हा पहिल्या लाटेचा, आणि भांडीं पाडणारा हिसका दुसरीचा. दोहोंमध्यें जितके सेकंद जातील त्यास आठांनीं गुणिलें म्हणजे भूकंपाची नाभि आपल्यापासून किती किलोमीटरांवर आहे याचा ढोबळ अंदाज येतो. विजेचा लखलखाट व मेघगर्जना यांमधील अंतर मोजून पाऊस किती दूर आहे हें सांगणाऱ्या गुराख्यास हा हिशेब अवघड जाणार नाहीं. तीन पाड्यांवरील तीन मुलांनीं आपापलीं अंतरें आणून नकाशावर तीन वर्तुळें काढलीं कीं तीं कोठें तरी एकमेकांस छेदतात. अर्थात् येथें नाभि अगदीं जवळ व उथळ होती, दोन लाटांमध्यें एखाददुसरा सेकंदच मिळे. त्यामुळें मुलांच्या मोजणीनें शास्त्रज्ञांचें काम हलकें झालें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो मुलगा गडगडाट ऐकतांच सेकंद मोजूं लागतो तो त्या क्षणीं बेफाम धांवत सुटत नाहीं, हें काय थोडें झालें?

दुसरा धडा अंकांचा. परिमाणांत एकाची वाढ झाली म्हणजे बाहेर पडणारी शक्ति सुमारें बत्तीस पट होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनानंतरच्या पहांटे, किल्लारीस जो भूकंप झाला त्याचें परिमाण सुमारें ६.२ होतें, म्हणजे डहाणूच्या ४.१ हून त्याची शक्ति हजार-दीड हजार पट. ‘किल्लारीसारखें होणार’ या धास्तीवर एवढें त्रैराशिक सांगितलें असतें तर तिची कांहीं अंशीं तरी उतरंड झाली असती. तिसरा धडा घराचा. किल्लारीकडे मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवर मातीचें जड धाबें. झोंपेंत असलेल्या माणसांवर तेंच कोसळलें. वारल्यांचें जुनें घर कारवीच्या कुडाचें, शेणामातीनें सारवलेलें, हलकें. तें हलतें, पण माणसास चिरडीत नाहीं. त्या घरास आपण मागासलेलें म्हणत आलों. भूकंपाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास नीट आंखणी न करितां विटांवर विटा चढवून बांधलेलें नवें घर अधिक भयंकर. ही तुलना मुलांपुढें ठेवली असती तर आपल्या आजोबांच्या घराकडे तीं निराळ्या नजरेनें पाहतीं. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत अंजार गांवीं प्रजासत्ताकदिनाच्या फेरीस निघालेलीं दीडशेंहून अधिक शाळकरी मुलें अरुंद गल्लींत दोहों बाजूंच्या घरांखालीं सांपडलीं, ही हकीकत आम्ही मुद्दाम येथें नोंदतों. कारण घराबाहेर पळणें एवढेंच शिकवून भागत नाहीं, पळून कोठें उभें राहावयाचें हेंही शिकवावें लागतें.

वारली लोकांच्या पूजेंत धरतरी आहे, कणसरी आहे. भूमि व धान्य या त्यांच्या माता. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या डहाणूच्या चित्रकारामुळें त्या लोकांचें तांदळाच्या पांढऱ्या रेघांनीं रंगविलेलें जग साऱ्या दुनियेंत गेलें. सुबाजी बापूंनीं भास्कराचार्यांपासून जसा आरंभ केला तसा येथील शिक्षकास धरतरीपासून करितां येईल. ती हलते ती कोपली म्हणून नव्हे, हें सांगतांना तिला देवघरांतून बाहेर काढण्याचें कांहीं कारण नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं, हमरस्त्याकरितां फोडलेली डोंगरकड, सूर्येच्या पात्रांतील गोटे, विहीर खणतांना निघालेला मुरूम आणि तडा गेलेली शाळेची भिंत, हीं चार साधनें ज्या शाळेपाशीं आहेत तीस भूविद्येचें कपाट नसलें तरी चालेल. उणीव आहे ती हीं साधनें कशीं वापरावीं हें एका शिक्षकानें दुसऱ्यास सांगण्याची. ‘शिक्षणपत्रिके’सारखें कांहीं तरी, या एका विषयापुरतें, मराठींत असावयास हवें.

दगडांची देवघेव आपल्याकडे होत नाहीं असें मात्र नाहीं. भोर घाटांतून रेल्वे नेतांना, १८५६ ते १८६३ या काळांत, कातळाच्या पोकळ्यांतून जीं स्फटिकमय खनिजें निघालीं त्यांची कीर्ति युरोपांत पोंचली. आजही नाशिक, पुणें, जळगांव येथील खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरेंचे नमुने परदेशांतील हौशी लोक मोठ्या किंमती देऊन घेतात. सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयांत त्यांतले उत्तम नमुने पाहावयास मिळतात. चारोटीच्या बाजूस दगड फुटतो तो बहुतेक खडीसाठीं. तो भरून नेणाऱ्या गाड्या त्याच नाक्यावरून जातात, वळणावर थोडे खडे सांडतात, आणि शाळा सुटल्यावर घराकडे निघालेलीं मुलें ते पायानें उडवीत जातात.